सुट्टीतली शाळा

सुदर्शनच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा उरला होता. पुढच्या सोमवारी तिकडं अमेरिकेत, डॅलसला त्याच्या रेवाची शाळा सुरू होणार होती. इकडं गावी, पाचोडला गल्लीतली पोरं शाळेत गेली की नातीला करमत नाही, म्हणून पुंजारामआजोबांनी तिला एकदा त्या पोरांच्या वर्गात नेऊन बसवलं होतं. तेव्हापासून ती रोजच जायला लागली.

"रेवा, उद्या आपण दोघं खुलताबादला जाऊ," सुदर्शन म्हणाला.

"उद्या नाय जमणार, बाबा. पाढे म्हणायचेत. गुरुजी रागावतेत."

शेवटी सकाळी सुदर्शनच पोरीसाठी एक दिवसाची रजा मागायला शाळेत गेला. निवृत्तीला टेकलेल्या गुरुजींनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं.

"पुंजारामचा सुदर्शन ना तू?"

"व्हय, गुरुजी."

"सहावीत निम्मं वरीस शाळा बुडवलीस. आता पोरीलाबी तेच शिकवतो व्हय?"

गुरुजींनी बोटानं व्हरांड्यातली जागा दाखवली. सुदर्शन निमूटपणे तिथं जाऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदाच शाळा सुटल्याची घंटा होईपर्यंत जागचा हलला नाही.