डब्यावरचं बाळ

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. भिमाला अंगावर दूध येईना, म्हणून तिच्या नवऱ्याने, भिकनने, नाशिकरोडच्या दुकानातून गोड, घट्ट दुधाचा डबा आणला. डब्यावर गुटगुटीत बाळ हसत होतं.

"आपलं पोरगंबी असंच होईल बघ," तो म्हणाला.

भिमा ते दूध पाण्यात कालवून पाजत राहिली, आणि पोरगं वाळतच गेलं.

"अहो, हे मिठाईत घालायचं दूध, निम्मी साखरच आहे यात!" दवाखान्यात डॉक्टर ओरडले. "तान्ह्या बाळाला देऊ नये, असं इंग्रजीत छापलंय की इथं!"

तोवर उशीर झाला होता.



पोराचा फोटो कधी काढलाच नव्हता, म्हणून भिमाने भिंतीवर लावून हार घातला तो डब्यावरच्या बाळाला.