निमोण्याचा फौजी कोट

"पुण्यात दाखवला असता तर अर्ध्या दिवसात काम झालं असतं," सुलक्षणा म्हणाली. "पण आईनं हट्टच धरला. म्हणाली, दौंडलाच जायचं."

इमामने कोट टेबलावर पसरला. स्टेशनबाहेर त्याचं शिलाईचं दुकान होतं. पोट भरायचं ते गणवेशांवर, पण नाव झालं होतं जुन्या फौजी कोटांमुळे. कोट कुठल्या सालचा ते तो सांगायचा, आणि रफू असं करायचा की भोक कुठं होतं ते मालकालाही सापडू नये.

"कसर लागलीया," तो म्हणाला. "बाकी कापड वाघ हाय."

"आणि चाचा, मला चिठ्ठी पण पाहिजे. हा कोट एकाहत्तरच्या आधीचा आहे, असं लिहून द्या."

सुलक्षणाचे वडील हौसराव एकाहत्तरच्या लढाईत गेले. तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता निमोण्यात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं होतं. सोमवारी उद्घाटन होतं आणि कोट काचेच्या पेटीत ठेवायचा होता. पण ग्रामपंचायतीतल्या विरोधी पॅनेलच्या लोकांनी गावभर उठवलं होतं की कोट खोटा आहे, जुन्या बाजारातून आणलाय.

"पारावर बसून काय म्हणतात माहितीये? म्हणे, कोट बाजारातनं आणला, मग बाईंनी बापबी तिथूनच आणला आसंल!" तिचा आवाज चिरकला. "बाबांच्या नावावर सरकारनं जमीन दिली. मी शिकले, शाळेत लागले. आणि आता रिटायर व्हायच्या वेळेला हे ऐकायचं?"

तिची आई साखरबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती.

"हिकडं या, ताई," इमामने भिंग पुढे केलं. "माझ्यावर इश्वास ठेवू नका, सवता बघा. साल शोधायचं तर बटणं बघायची न्हाईत. बटणं कुणीबी बदलतं. आतला खिसा कुणी बदलत न्हाई."

त्याने खिसा उलटा केला. अस्तरावर पुसट शाईचा छाप होता. सुलक्षणा वाकून एकेक आकडा वाचू लागली. तो थांबून राहिला, त्याने घाई केली नाही.

"एकोणसत्तर!" ती ओरडली. "चाचा, एकोणसत्तर!"

"झालं की. पॅनेलवाल्यास्नी म्हणावं, भिंग घिऊन या."

ती सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

रफू कुठून सुरू करावं म्हणून इमामने कोट उलटा केला आणि त्याचा हात थांबला. डावी बाही कोपरावर घासून झिजली होती. उजवी मात्र कोरी होती, आणि अर्ध्यावर दुमडून टाचल्याची खूण तिच्यावर होती. बटणं आणि काजं यांची बाजूही बदललेली होती. डाव्या हाताने लावता यावीत म्हणून.

त्या बटणांच्या टाक्यांना मेण लावलेला दुहेरी दोरा होता. शेवटी तिरपी गाठ. ती गाठ त्याच्या अब्बांची होती. आणि अब्बांनी केंदूर गाव सोडून हे दुकान टाकलं ते पंच्याहत्तर साली, लढाईनंतर चार वर्षांनी.

"हा कोट मधी कुणी दुरुस्त केला व्हता का?"

"छे. लढाईनंतर फौजेकडून सामान आलं, त्यातच आला. तेव्हापासून ट्रंकेत आहे. आईनं कुणाला हात लावू दिला नाही."

उजवा हात नसलेला एकच माणूस अब्बांकडे यायचा. फलाटावर शेंगदाणे विकायचा. हात गाडीखाली गेला होता. लोक त्याला हवालदार म्हणायचे. पलटण कुठली विचारलं की म्हणायचा, "पळालेल्याला पलटण नसती." कोट त्याने एकच हिवाळा घातला. पुढच्या थंडीत तो नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत आला, तेव्हा अब्बांनी विचारलं. "घरच्या वट्यावर ठिवून आलो," तो म्हणाला. "कुणाला दिसलो न्हाई."

पुढे म्हातारपणी, दहा-अकरा वर्षांपूर्वी, एका पहाटे तो फलाटावरच वारला. घरचं कुणी आलं नाही. घर कुठलं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

इमामने साखरबाईकडे पाहिलं. कपाळ कोरं, हातात एकेक पितळी बांगडी. ओट्यावर कोट सापडला आणि बाईला वाटलं असणार, फौजेनं पाठवला. पन्नास वर्षं तिने त्या माणसासाठी रिकामं कपाळ सांभाळलं होतं, आणि तो इथे, दोन तासांच्या वाटेवर, पुड्या बांधत होता. सोमवारी गाव तिच्या गळ्यात हार घालणार होतं.

"ताई," तो सुलक्षणाला म्हणाला, "समोर टायपिंगवाला हाय. मजकूर सांगतो. 'कोट सन एकोणीसशे एकोणसत्तरचा आहे.' बास. एवढंच लिवून आणा, मी सही करतो."

"एवढंच?"

"खरं तेवढंच लिवावं."

ती रस्ता ओलांडून गेली. इमामने पातं घेतलं आणि अब्बांचे टाके एकेक करून उसवायला लागला. बटणं मूळच्या बाजूला गेली, बाहीची खूण वाफेने गेली, की कुणाला काही दिसणार नव्हतं. अब्बांचं काम आपण मोडतोय, हे त्याला टोचत होतं. पण म्हातारीच्या हातात आता या वयात काय द्यायचं?

"मावशी, काळजी करू नका," तो मान वर न करता म्हणाला. "सोमवारपतूर कोट असा करतो, जसा मालकांच्या अंगावर व्हता."

साखरबाईने दाराबाहेर पाहिलं. लेक रस्त्यापलीकडे पाठमोरी उभी होती. मग तिने स्टूल टेबलाजवळ ओढलं.

"अकरा वर्सं झाली, फलाटावर दिसत न्हाईत," ती म्हणाली. "अग्नी कुणी दिला, भाऊ?"