नजर न चुकवता

ऑनलाइन आरोग्य-सल्ल्याचं थेट प्रक्षेपण सुरू होण्याआधी भाच्याने डॉक्टरांना बजावलं, "मामा, पेशंट खाली पडद्यावर दिसेल, पण तिकडे बघायचं नाही. लोकांना वाटतं, नजर चुकवताय. डोळे सतत वर, कॅमेऱ्यात. आणि एकेकाला दीड मिनिट, बस्स. रेंगाळलात की लोक पळालेच."

मामांनी ते तंतोतंत पाळलं. पहिल्याच पेशंट बाई गहिवरल्या.

"डॉक्टर, सात वर्षं तुमच्या दवाखान्यात येतेय. असं डोळ्यांत डोळे घालून आज पहिल्यांदाच बघितलंत हो! म्हणून धीर करून दाखवते. ही मानेवरची गाठ बघा. महिन्याभरात दुप्पट झालीय."

"बघितली," डॉक्टर कॅमेऱ्यावरची नजर जराही न हलवता म्हणाले. "घाबरण्यासारखं काही नाही. चला, पुढचे कोण?"