पहिली भेट, शेवटच्या दिवशी

"कट!" दिग्दर्शक ओरडले. "अरे लंबू, आधी विचार, मग बस! जन्मात पहिल्यांदा बघतोयस तू तिला!"

तळ्याकाठच्या बाकावरून लंबू ओशाळून उठला आणि पुन्हा झाडामागे जाऊन उभा राहिला. तिसऱ्यांदा हाच घोळ. झाडामागून यायचं, विचारायचं, "इथं कुणी बसलंय का?" मुलीनं पुस्तकातून मान वर करायची आणि म्हणायचं, "नाही." बस्स, एवढंच. शेंबड्या पोरालाही जमावं. पण हा नायक यायचा तो थेट धपकन बसायचा, आणि प्रश्न मग बसल्या बसल्या.

सिनेमावाल्यांची तऱ्हाच उफराटी. उन्हाळाभराच्या या प्रेमकथेतली ताटातूट पहिल्याच दिवशी उरकली होती, दोघं एकमेकांना ओळखतही नव्हती तेव्हा. रडू यावं म्हणून डोळ्यांत थेंब घालावे लागले होते. मग रुसवे झाले, भांडणं झाली, आणि पहिली भेट राहिली ती आज, अगदी शेवटी. मधल्या काळात जेवणाची सुट्टी झाली की दोघं याच बाकावर डबे उघडून बसायची. लंबूनं तेव्हा कधी कुणाला विचारलं नव्हतं.

बाकावरची मुलगी अठरा वर्षांची. स्वतःचेच काय, सगळ्यांचे संवाद तिला तोंडपाठ, म्हणून तिचं नाव पडलं मैना. अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही चुकली नव्हती. आज मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी लंबू त्याच्या गावी जाणार, ती तिच्या. आणि पठ्ठ्यानं अजून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. हे सगळं नुसतं काम होतं की काय? विचारायची तिची छाती होत नव्हती. तो न विचारता शेजारी बसला की तिला आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

मेकअपच्या मावशी तिच्या कपाळावरचा घाम टिपायला आल्या. "अनोळखी माणसाकडे कुणी असं बघतं का गं?"

"मी पुस्तक वाचत होते."

"हो तर! पान एकही उलटलं नाहीस."

तिकडे दिग्दर्शकांनी लंबूला बाजूला घेतलं होतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते बराच वेळ काहीतरी समजावत होते आणि तो मान डोलावत होता. ऊन तळ्यापलीकडे कललं.

"पोरांनो, उजेड चाललाय," दिग्दर्शक म्हणाले. "हे एवढं नीट करा, की सुटलात."

लंबू झाडामागून आला. बाकापासून चार हात लांब थांबला. हात मागे बांधलेले, चेहरा कोरा. रस्त्यात कुणा परक्याला पत्ता विचारावा तशा आवाजात तो म्हणाला, "इथं कुणी बसलंय का?"

अगदी बिनचूक. मैनेला वाटलं, इतकं छान जमतं होय याला! आता तिनं "नाही" म्हटलं की संपलं. सामान पेट्यांत जाणार, गाड्या सुटणार आणि जो तो आपल्या वाटेला.

तिनं पुस्तक मिटलं.

"हो," ती म्हणाली. "रोज एक जण बसतो."

लंबूचे कान लालबुंद झाले. मागे बांधलेले हात सुटले, आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कळेना. मावशींनी तोंडावर रुमाल धरला. दिग्दर्शकांनी हात उचलला खरा, पण "कट" काही म्हणाले नाहीत. कॅमेरा चालूच राहिला.

लंबू एक पाऊल पुढे आला. घसा खाकरला.

"बसू?" त्यानं विचारलं.