शालिकरामला ताप

गीतांजलीनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि नव्या कोऱ्या पुस्तकाची शेवटची चार पानं ब्लेडनं कापली. शिवणीला लागून, अगदी सरळ. बी.एस्सी.ला असताना बेडकाचं पोट तिनं असंच कापलं होतं, हात हलू न देता. पानांची घडी करून तिनं ती साड्यांच्या चळतीखाली सरकवली आणि लेक खुशी शाळेच्या ऑटोतून यायच्या आत पुस्तक होतं तिथं ठेवून दिलं.

पुस्तक तिनंच मागवलं होतं. अंतराळातल्या वीराचं, चित्रांचं, इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं आणि अख्खं. घरात होतं ते अख्खं नव्हतं. नवऱ्याचं, अमोलचं, अमरावतीत फुलांचं दुकान. पुड्या बांधायला तो अकोल्याहून रद्दीचा गठ्ठा आणायचा, त्यात ते आलं होतं. निम्मी पानं मोगऱ्यासोबत गिऱ्हाइकांच्या घरी गेली, तेव्हा कुठे ते खुशीच्या नजरेस पडलं.

त्या वीराचा ग्रह फुटून तुकडे आकाशभर पांगलेले. तो एकटाच ते वेचत फिरतो. अंगानं काळाभोर, चकचकीत, देवघरातल्या शाळिग्रामासारखा, म्हणून गीतांजलीच्या सासूनं, दुर्गाबाईनं, त्याचं नाव शालिकराम ठेवून टाकलं. दुर्गाबाईला इंग्रजी सोडाच, मराठी अक्षरही लागत नाही. पण मधली पानं नसली की खुशी विचारायची, "मंग?" आणि दुर्गाबाई हारात सुई चालवता चालवता सांगायची. मंग शालिकराम शनीच्या कड्यावर बसला, पाय खाली सोडून. मंग त्याले तहान लागली, त्यानं शेंडेनक्षत्राचा बर्फ चोखला. काही पानांवर एकही अक्षर नव्हतं. नुसता अंधार, चांदण्या, आणि कोपऱ्यात नखाएवढा शालिकराम. त्या पानांवर तर दोघी तास तास बसायच्या.

त्या एका "मंग"साठी गीतांजलीचा जीव जळायचा.

तिनं नवं पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा तो शब्द एकदाही आला नाही. सगळीच पानं जागच्या जागी, विचारायचं काय? काळी पानं तिनं भरभर उलटली, त्यांच्यावर वाचण्यासारखं काही नव्हतंच. खुशी जांभई देत म्हणाली, "मम्मी, तू अभ्यासासारखं वाचते." शेवट तेवढा वाचून दाखवायचा राहिला होता.

म्हणून ब्लेड.

संध्याकाळी दुर्गाबाई ओट्यावर शेवंतीचा ढीग घेऊन बसली होती, भातकुलीच्या वावरातून सकाळीच तोडून आणलेली. खुशी तिच्या मांडीला टेकलेली. गीतांजली पुस्तक घेऊन समोर बसली आणि वाचत वाचत त्या जागी आली जिथे ग्रह जवळजवळ जुळलाय, शालिकरामच्या हातात शेवटचा तुकडा आहे, आणि बाकी सगळं पान काळं.

पुढे पुठ्ठा.

"पानं कुठं गेली?" खुशीनं विचारलं.

"छापताना राहिली असतील," गीतांजली म्हणाली. "पण मला माहीत आहे पुढे काय होतं."

खुशीनं तिच्याकडे पाहिलं. "तुले कसं माहीत? पानं तं नाहीत."

गीतांजलीची कानशिलं तापली. आजीला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. दुर्गाबाईनं मान वर केली नाही, सुई मात्र थांबली.

"सांगू दे न बाई तिले," ती म्हणाली. "शिकेल हाय तुही माय. ठाऊक असन."

खरा शेवट गीतांजलीला पाठ होता. तुकडा बसतो, ग्रह पुरा होतो, तो दोन्ही हात उंचावतो. पण तो सांगायचा म्हणजे पानं वाचली हे कबूल करायचं. तिनं मांडीवरच्या काळ्या पानाकडे पाहिलं. एवढा अंधार, एवढी थंडी, आणि हा असा उघड्या अंगानं.

"त्याला ताप आला," ती म्हणाली.

"शालिकरामले?"

"येणार नाही तर काय. किती वर्षं झाली, उघडाच फिरतो. ना टोपी ना स्वेटर. कपाळ असं तापलं, असं तापलं, की बाजूची चांदणी वितळायला लागली."

दुर्गाबाई हसली. "काहीबाही सांगून राह्यली. देवावानी हाय तो. त्याले कायचा ताप येते?"

खुशी हसली नाही. ती आजीच्या मांडीपासून सरकली, रांगत पुस्तकापाशी आली आणि नखाएवढ्या शालिकरामच्या कपाळावर तिनं बोट टेकवून पाहिलं.

"आजी, चूप बस न जरा," ती म्हणाली. मग गीतांजलीकडे वळून, "मंग?"

दुर्गाबाईनं सुई शेवंतीत खुपसली.

"आमचा शालिकराम असा नोहता," ती फुलांकडे पाहत म्हणाली, आणि फुलं टोपलीत भरून आत स्वयंपाकघरात गेली.

खुशीचं डोकं आता गीतांजलीच्या मांडीवर होतं.

"मंग त्याच्या कपाळावर ओली घडी ठेवायलासुद्धा कुणी नव्हतं," गीतांजली सांगू लागली, आणि तिनं आवाज थोडा चढवला. स्वयंपाकघरापर्यंत तो जायला हवा होता.