रक्तातला पुरावा

इंदुमती सिस्टरने ताराबाईंचे बोट रक्ततपासणीच्या यंत्रावर टेकवले आणि निकाल उमटला: ‘ड जीवनसत्त्व पुरेसे. न्यूमोनिया असंभव. खाट नामंजूर.’

ताराबाईंचे ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती.

“आरोग्यमंडळाची गोळी एकदाही चुकवली नाही गं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“तेच नडलं, आजी.”

ड जीवनसत्त्वाच्या गोळीने न्यूमोनियाचा धोका कदाचित थोडा घटेल, एवढेच संशोधक म्हणाले होते. आरोग्यमंडळाने त्यातला ‘कदाचित’ गाळून नियम केला होता. आठ वर्षे तळघरातल्या वॉर्डात राबणाऱ्या इंदुमतीला ना ऊन लाभले होते, ना गोळी. तिने ताराबाईंचे नाव पुन्हा भरले आणि यंत्रावर स्वतःचे बोट टेकवले.

‘जीवनसत्त्व अपुरे. न्यूमोनिया संभव. खाट मंजूर.’

“चला आजी,” तिने ऑक्सिजनची नळी उचलली, “आता तुम्ही रीतसर आजारी आहात.”