भाऊजींचं हृदय

सकाळी सव्वादहा वाजता धाकटा दीर मॅरेथॉन पूर्ण करून कमानीखालून आत आला, आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला.

छातीवर थोरल्या भावाचा फोटो लावून पळायला तो खास दुसऱ्या शहरातून आला होता. जमलेले पैसे किडनीच्या रुग्णांना जाणार होते. थोरला दोन वर्षांपूर्वी किडनीची वाट पाहतच गेला. धाकट्याची जुळत होती. पण त्याचं हृदय अधू आहे, म्हणून डॉक्टर नाही म्हणाले, असं त्यानेच येऊन सांगितलं होतं. सांगताना तो ढसाढसा रडला आणि वहिनीनेच त्याची समजूत घातली.

"भाऊजी, या हृदयाने पळू नका हो," असं ती महिनाभर फोनवर विनवत होती. "दादासाठी एवढं तरी करू दे, वहिनी," एवढंच तो म्हणायचा. म्हणून आज ती पहाटेपासून रुग्णवाहिकेला चिकटूनच उभी होती.

"यांना आधी डॉक्टरांकडे न्या," दिराबरोबर पळून आलेल्या त्याच्या मित्राला ती म्हणाली. "यांचं हृदय..."

मित्र खो खो हसला. "अहो वहिनी, हा घोडा आहे घोडा! आठ वर्षं आम्ही बरोबर पळतोय. दरवर्षी दोघं एकाच डॉक्टरकडून तपासून घेतो. याला कधी साधी धाप लागलेली दाखवा!"


माइकवरून तिला दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. पदक तिच्याच हातून घालायचं ठरलं होतं, आणि दीर मान पुढे करून उभा होता.